घराणं फुटबॉलचं, कारकीर्द पेठेतली

मंगळवारपेठकर

या हंगामाच्या शेवटी माझ्या थोरल्या भावानं खेळणं थांबवलं. वय पस्तिशीच्या पुढं, डावा गुडघा दुखावलेला, त्यामुळं आज ना उद्या हे होणारच होतं. तालमीत सत्कार झाला, फेटा बांधला, हलगी वाजली. आणि तिथंच, सत्काराला आलेल्या माणसांच्या तोंडून दोन वाक्यं कानावर आली. एक, "आज्जा-बापाचं नाव होतं म्हणून इतकी वर्षं टीममध्ये टिकला." दुसरं, "एवढं घराणं पाठीशी असून वर काय गेला नाही बघा." बोलणारी माणसं आपलीच, प्रेमानं आलेली. पण मला दोन्ही वाक्यं पटलेली नाहीत, म्हणून हा धागा.

जे कोल्हापूरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं. इथला फुटबॉल तालमींचा. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या पेठांतल्या तालमींनीच पुढं फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही सगळी तालीम मंडळं. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० सालची. वरिष्ठ गटात १६ संघ, त्याखाली ए, बी, सी असे गट. हंगाम दिवाळीनंतर धरतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. साखळी झाली की चषकांच्या स्पर्धा. दोन पेठांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पण खालच्या गटाच्या सामन्याला पोरांच्या घरचे आणि चार म्हातारे. दादाची निम्मी कारकीर्द त्या चार म्हाताऱ्यांसमोर झाली.

आमचे आजोबा शाहू मिलमध्ये साचेखात्यात होते. उंची बेताची, पण फॉरवर्डला खेळायचे. त्यांचे बूट मी हातात घेऊन बघितलेत. तळाला स्टड म्हणजे चामड्याच्या चकत्या, एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेल्या. चकत्या झिजल्या की खिळ्याचं टोक आत यायचं आणि तळव्यात घुसायचं. मग गोणपाटाची घडी घालून बूट चढवायचे आणि सामना संपला की चप्पल लाईनला जाऊन नव्या चकत्या मारून आणायच्या. बॉल चामड्याचा, तोंडाला वादीनं शिवलेला. पावसात भिजला की इतका जड व्हायचा की हेड मारल्यावर कपाळावर वादीचा वळ उठायचा. हे सगळं पहिली पाळी करून आल्यावर.

बाबा सेंटर हाफ. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका कंपनीच्या संघानं त्यांना बोलावलं. तेव्हा मुंबईत हारवूड लीग जोरात होती, कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा, आणि खेळाडूला कंपनीत चिकटवून घेत. बाबा गेलेही. पण आजोबा अंथरुणाला खिळले आणि बाबा परत आले ते कायमचेच. त्याबद्दल त्यांनी घरात कधी तक्रार केलेली मला आठवत नाही. पेठेत मात्र "हा राहिला असता तर" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

आता दादा. डावा बॅक, पाय डावाच. सतराव्या वर्षी पहिल्या टीममध्ये आला तेव्हा गॅलरीतून हाका यायच्या त्या त्याच्या नावानं यायच्या नाहीत, "अमक्याचा पोरगा" म्हणून यायच्या. चुकीचा पास गेला की त्याच तोंडांतून आजोबांचं नाव घेऊन शिव्या. दुसऱ्या कुणा पोराला शिवी त्याच्या एकट्याच्या नावानं बसते, दादाला तीन पिढ्यांच्या नावानं बसायची. पुढं आमचा संघ वरिष्ठ गटातून खाली घसरला. त्या वेळी वरच्या गटातल्या दोन संघांनी त्याला विचारलं होतं. तो गेला नाही. नोकरी फौंड्रीत, शिरोलीला. पहाटे पाचला मैदानात, सातला कंपनीत, सामना असेल त्या दिवशी पाळी बदलून घ्यायची आणि त्याबदल्यात दुसऱ्याची रात्रपाळी करायची. अशी वर्षानुवर्षं काढली. संघ परत वर आला त्या सामन्यात शेवटच्या क्षणाला गोललाईनवरून बॉल बाहेर काढणारा हाच होता. त्याचा ना फोटो आहे ना कुठं नोंद.

माझं म्हणणं एवढंच की ही पूर्ण कारकीर्द आहे. "वर गेला नाही" या एका मापानं ती मोजता येणार नाही. तुमच्या पेठेतल्या, गावातल्या अशा खेळाडूंबद्दल लिहा. वैयक्तिक नावं टाळूया, आणि पेठांची भांडणं इथं आणू नका ही विनंती.


पेटाळ्यावरचा

मी शिवाजी पेठेचा, म्हणजे तुमच्या विरुद्ध बाजूचा. तरी सगळ्यांत आधी लिहितोय. तुझ्या वडिलांना मी खेळताना बघितलंय असं वाटतंय. सेंटर हाफ, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, आणि बॉल पायात आला की आधी मान वर करून बघणारा माणूस. त्या काळात आमच्या हिकडं बॉल आला की लांब हाणायचा एवढंच सगळ्यांना माहीत. हा गडी थांबायचा, बघायचा, आणि जमिनीवरून पास द्यायचा. आम्ही पायऱ्यांवरून लई शिव्या घातल्या त्याला. सामना संपल्यावर मात्र आमचे वस्ताद म्हणाले होते, त्याच्यासारखं थांबायला शिका.

ईर्षा काय असते ते बाहेरच्यांना कळायचं नाही. सामन्याच्या आदल्या रात्री पेठेत कोणी झोपत नाही. हरलं तर दुसऱ्या दिवशी मंडईत त्या पेठेच्या माणसाच्या समोरून जाववत नाही. आता त्या ईर्षेचं जे मारामाऱ्यांत रूपांतर होतंय, दगड, बाटल्या, पोलीस बंदोबस्त, त्यानं माझं काळीज तुटतं. आम्ही कडवे होतो, पण जखमी झालेल्या विरुद्ध बाजूच्या पोराला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, घेऊन जाणारेही आम्हीच होतो.

तुझ्या दादाला सांग, संघ खाली गेला तेव्हा जो थांबला त्याला आमच्या पेठेतही मान आहे.


बालेवाडी ते बेळगाव

"वर काय गेला नाही" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, वर म्हणजे नक्की कुठं? मी पुण्यात ॲकॅडमीत काही वर्षं काढली आहेत, त्यामुळं आतून बघितलंय.

धागाकर्त्याच्या दादाचं वय धरा. तो एकवीस-बावीसचा असताना महाराष्ट्रात काय होतं? महिंद्रा युनायटेड, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी त्याच सुमारास आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये, आला, ॲकॅडमी चांगली चालवली, आणि काही वर्षांत तोही गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. आयएसएलबरोबर, म्हणजे इंडियन सुपर लीगबरोबर, २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. कोल्हापूरहून घाट उतरून गोव्यात जावं म्हटलं तर साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो या तिथल्या तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. म्हणजे ज्या शिडीवर चढायचं तिच्या पायऱ्या एकेक करून निघत होत्या. आणि अगदी वरचं तरी कुठं पक्कं आहे? २०२५-२६ चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, करारबद्ध खेळाडू घरी बसून होते.

कंपन्यांचे संघ बंद पडले हा सगळ्यांत मोठा घाव. बाबांच्या पिढीला खेळावर नोकरी मिळायची, गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. दादाच्या पिढीला नोकरी सांभाळून खेळावं लागलं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.


रिक्षा स्टॉप मिरजकर तिकटी

मग अनिकेत जाधव कसा गेला? कोल्हापूरचाच पोरगा, वडील रिक्षा चालवायचे. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात खेळला. नंतर जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल या क्लबांकडून. निखिल कदम मोहन बागानकडून खेळला. जायचं असतं त्याला वाट सापडते.


बालेवाडी ते बेळगाव

बरोबर, आणि तेच माझं म्हणणं आहे. अनिकेत लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडा शाळेत, गेला. त्या वयात रोजचा शास्त्रशुद्ध सराव, खाणं, वयोगटाच्या स्पर्धा मिळाल्या, तिथून भारतीय संघाच्या शिबिरात. त्याची मेहनत कुणी नाकारत नाही. पण सतरा-अठराव्या वर्षी ज्याचं नाव पेठेत व्हायला लागतं तो या वाटेला उशिराच पोचलेला असतो. घराण्यातून पोराला बॉलची जाण येते, डोळा येतो. पुढचं सगळं बाराव्या-तेराव्या वर्षी कुठल्या हातात पडला यावर आहे.


चारमिनार एक्स्प्रेस

मी नोकरीनिमित्त हैदराबादला. इथं फुटबॉल घराणी म्हटलं की जुने लोक सय्यद अब्दुल रहीम यांच्यापासून सुरू करतात. रहीमसाहेबांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. मुलगा हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होता. इथलेच हबीब आणि अकबर हे भाऊ कोलकात्यात जाऊन गाजले. बंगालात पी. के. बॅनर्जी आणि प्रसून बॅनर्जी. ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण या प्रत्येक शहरात अशा एका घराण्यामागं पन्नास घराणी असतील ज्यांनी मैदानं जिवंत ठेवली. हबीबला लहानपणी कुणाबरोबर तरी खेळायला लागलंच असेल ना? तो कुणीतरी म्हणजे तुमचा दादा.


सडेतोड

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. नावाचा फायदा होतो, आणि तो इतरांच्या वाट्याचा असतो. मी करवीर तालुक्यातल्या खेड्यातला. सायकलवरून सरावाला यायचो. पेठेत माझं कुणी नव्हतं. तालमीच्या टीममध्ये अकरा ठरवताना कमिटीतल्यांच्या घरची, जुन्या खेळाडूंच्या घरची पोरं आधी धरली जायची. मी दोन हंगाम पाणी देत बसलो आणि सोडून दिलं. तुमचा भाऊ चांगला खेळाडू असेलही, मला शंका नाही. पण त्याला चुका करायला जेवढे सामने मिळाले तेवढे मला मिळाले नाहीत. घराण्याचं कौतुक करताना हेही लिहा.

आता तर आणखी एक थर वाढलाय. बाहेरून, परदेशातून खेळाडू येतात, त्यांना हंगामाचं मानधन असतं. त्यानं खेळ वेगवान झाला हे खरं. पण स्ट्रायकरची जागा बाहेरच्याला गेली की पेठेतला तरुण फॉरवर्ड बॅकला जातो नाहीतर घरी बसतो.


मंगळवारपेठकर

सडेतोड, राग कशाला मानू? तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. दादाला पहिली संधी नावामुळं मिळाली. त्याच्याबरोबरीची दोन पोरं त्या वर्षी बाहेर राहिली, त्यांतला एक त्याच्यापेक्षा वेगवान होता असं दादा स्वतः सांगतो. मी फक्त एवढं म्हणेन की नावावर एक हंगाम मिळतो, पंधरा-सोळा हंगाम मिळत नाहीत. दुसऱ्या वर्षी दादाला बसवलंही होतं, आणि बसवणारे आमच्या बाबांचेच मित्र होते.

मानधनाचं म्हणाल तर दादानं शेवटपर्यंत तालमीकडून बूट आणि सामन्यानंतरचं जेवण याशिवाय काही घेतलं नाही. हे मी त्याचा मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. त्यानं घ्यायला हवं होतं असं माझं मत आहे. नव्या पोरांनी घेतलंच पाहिजे, लेखी घेतलं पाहिजे, आणि त्यात दुखापतीचा विमा असला पाहिजे.


साठमारीची पोरगी

सगळा धागा वाचला. आजोबा, बाबा, दादा. तुमच्या घरात मुली नव्हत्या का? विचारतेय कारण मी स्वतः खेळले आहे. आमच्या घरातही "फुटबॉलचं घराणं" म्हणताना फक्त पुरुष मोजतात. मी शाळेकडून खेळायला लागले तेव्हा काकांनी विचारलं, पाय मोडला तर लग्न कोण करणार. त्यांच्या मुलाचा पाय मोडला तेव्हा घरी पेढे आणि फळं घेऊन लोक भेटायला आले होते.

आता बरंच बदललंय. एफसी कोल्हापूर सिटीचा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी मोबाईलवर सामने बघितले. पण मुलींना वर्षाकाठी सामने किती मिळतात ते बघा. मुलांना पेठ आहे, तालीम आहे, चषक आहेत. आम्हाला शाळा-कॉलेज संपलं की मैदानच संपतं. तुमच्या दादाला निम्मी कारकीर्द चार म्हाताऱ्यांसमोर खेळावी लागली. मला तीही मिळाली असती तर मी अजून खेळत असते.


मंगळवारपेठकर

होती. आमची आत्या. बोळात बाबा आणि काका सराव करायचे तेव्हा गोलीला तिला उभं करायचे, कारण बाकी कुणी तयार नसायचं. दोन बाजूंना दोन घागरी हे गोलपोस्ट. बाबा सांगतात, तिच्या हातातून बॉल सुटायचा नाही, आणि बाबांचा फटका चांगला जोरात होता. लग्न होऊन इचलकरंजीला गेली. तिनं कधी मैदानावर पाय ठेवला नाही. पण तिन्ही पिढ्यांच्या बातम्यांची कात्रणं आमच्या घरात फक्त तिच्याकडं आहेत, वहीत खळीनं चिकटवलेली, प्रत्येकाखाली तारीख. आजोबांबद्दल मला जे थोडंफार माहीत आहे ते त्या वहीतून. तुमचा प्रश्न वाचल्यावर तिला फोन केला. म्हणाली, तिला लिही की खेळत राहा, घरचे काय म्हणायचे ते म्हणतात.


लाईनमन

बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो. नाव लिहिलं नाहीस तरी ओळखलं. डावा बॅक, थ्रो-इन थेट डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, पडायचा, बरोबर? त्याच्याबद्दल एक सांगतो. खालच्या गटाचा सामना होता, दोन्ही संघांना वर जायची आशा. तुझ्या दादाच्या संघाविरुद्ध मी कॉर्नर दिला. दादाच्या संघाचं सगळं पाठबळ माझ्यावर धावून आलं. तुझा दादा मध्ये आला आणि म्हणाला, "बॉल माझ्याच पायाला लागून गेला, कॉर्नर बरोबर आहे." त्या कॉर्नरवर दादाच्या संघाला गोल बसला. ते हरले. त्याच्याच पोरांनी त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं असणार.

पंचांना कोण विचारत नाही, पण खरी माहिती आमच्याकडं असते. बघणाऱ्याला गोल दिसतो. कोणता खेळाडू पंचाची पाठ वळल्यावर कोपर मारतो आणि कोणता पडलेल्याला उठवतो, हे आम्हाला दिसतं.

गोललाईनवरच्या त्या क्लिअरन्सची नोंद नाही म्हणालास. पंचाच्या अहवालात गोल, कार्ड, बदली खेळाडू एवढंच जातं. बॅकच्या खेळाडूनं आयुष्यभर जे केलं ते कोणत्याच कागदावर येत नाही. कार्ड मात्र येतं.


गुडघ्याचा माणूस

मी फिजिओथेरपिस्ट, कऱ्हाडला. डावा गुडघा म्हणालात म्हणून लिहितो. आपल्याकडच्या स्थानिक खेळाडूंत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली लिगामेंट, तुटल्यावर सगळ्यांत मोठा घोळ होतो तो परत येण्याच्या घाईचा. शस्त्रक्रियेनंतर सूज जाते, चालता येतं, जॉगिंग जमतं, मग पोराला वाटतं झालं बरं. आत बसवलेली नवी लिगामेंट अजून पक्की झालेली नसते. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. आमच्याकडं येणारे पाचव्या-सहाव्या महिन्यात चषकाचा सामना खेळून आलेले असतात, कारण पेठेचा मान असतो आणि कुणीतरी घरी येऊन "फक्त दुसऱ्या हाफला ये" म्हटलेलं असतं.

दुसरं, सराव होतो ती मैदानं. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी टणक. वॉर्मअप म्हणजे दोन चकरा आणि शूटिंग. फिफाचा "११ प्लस" नावाचा वॉर्मअप आहे, वीसेक मिनिटांचा, साधनं काही लागत नाहीत. धावणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. आठवड्यातून दोनदा नेमानं केला तर दुखापती चांगल्याच कमी होतात, यावर भरपूर अभ्यास झालाय. प्रत्येक तालमीनं एवढं एक सुरू केलं तरी पोरांची दोन-तीन वर्षं वाढतील.


पेटाळ्यावरचा

"फक्त दुसऱ्या हाफला ये." अगदी हेच. आमच्या धाकट्या भावाचं असंच झालं. माणसं प्रेमानं बोलवायला येतात आणि पोरगं नाही म्हणू शकत नाही.


कळंब्याचा बाप

सगळ्या जाणकारांना एक विचारायचंय. माझा मुलगा अकरा वर्षांचा. आमच्या घरात कुणी खेळलेलं नाही, मी दूध संकलनावर कामाला. त्याला फुटबॉलशिवाय दुसरं सुचत नाही. शाळेत सर म्हणतात चांगला आहे. मागं घराणं नाही, पेठेत ओळख नाही. काय करावं? अभ्यासाचंही बघायचंय. सरकारी नोकरीत खेळाडूंना जागा असतात म्हणतात ते कितपत खरं?


बालेवाडी ते बेळगाव

खरं आहे, राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण तालमीकडून शंभर सामने खेळलात तरी ते त्यात धरत नाहीत. मान्यताप्राप्त स्पर्धांतली ठरावीक कामगिरी लागते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. म्हणून शालेय जिल्हा, विभाग, राज्य स्पर्धा सोडू नका, सुब्रतो कप ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा सोडू नका, आणि प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची जाहिरात कधी निघते त्यावर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लक्ष ठेवा. जन्मदाखला आहे तसाच ठेवा. वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा. फुटबॉल फेडरेशन मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासते आणि पोरगं कायमचं अडकतं.


सडेतोड

कळंब्याचे भाऊ, मागं घराणं नाही म्हणून पोराला घरी बसवू नका. मी सोडलं कारण मला सांगणारं कुणी नव्हतं. त्याला निदान तुम्ही आहात.


मंगळवारपेठकर

आज दादाला शेजारी बसवून सगळा धागा वाचून दाखवला. तो स्वतः लिहीत नाही, त्यानं सांगितलं तसं टाइप करतोय.

"लाईनमन काका, तो कॉर्नर मला आठवतोय. महिना नाही, हंगाम संपेपर्यंत दोघं बोलत नव्हते.

सडेतोड, तुमचं बरोबर आहे. मी आता पोरांना शिकवतोय, एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचं, कोचिंगचं डी लायसन्स केलंय. अकरा ठरवताना पहिल्या महिन्यात आडनाव विचारायचं नाही, हा मी माझ्यापुरता नियम केलाय. पोरांना छातीवर नंबर लावतो आणि नंबरानंच हाक मारतो. तुम्ही आलात तर मदत होईल. सायकलवरून येणाऱ्याला काय अडचणी असतात ते मला कळत नाही, तुम्हाला कळतं.

मी वर का गेलो नाही हे मला कुणी विचारलं नाही, सगळे एकमेकांतच बोलतात. पुण्याला एकदा चाचणी दिली होती. तिथल्या कोचनी सांगितलं, पोझिशन चांगली घेतोस, पण बावीसाव्या वर्षी मी तुला जे शिकवायचं ते चौदाव्या वर्षी शिकायला हवं होतंस. मला वाईट वाटलं, पण त्यांनी खरं सांगितलं. परत येताना ठरवलं की पेठेत चौदा वर्षांचं कुणी असेल त्याला ते मी शिकवायचं. बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघणं, शरीर उघडं ठेवून पास घेणं, डाव्या बाजूला असताना आत की बाहेर ढकलायचं. बाबा हे करायचे, पण त्यांनी मला कधी शब्दांत सांगितलं नाही. त्यांना वाटायचं बघून येईल.

मुलींची बॅच साठमारीच्या ताई घेणार असतील तर मैदानाची सकाळची वेळ मी तालमीकडून मिळवतो. त्याबद्दल कमिटीत बोलून झालंय, नाही म्हणालेले नाहीत.

कळंब्याच्या भाऊंना सांग, पोराला घेऊन रविवारी साडेसहाला या. फी नाही. येताना शिनगार्ड आणा, नसतील तर इथं जुने आहेत. नाष्टा जड नको, केळं चालेल. आणि त्याचा डावा पाय चालतो का ते विचार, डाव्या बॅकला सध्या एकही पोरगं नाही."